अठ्ठावीस बाकांचा कारभारी

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही! या खेपेला मी माझ्याच बापाला विचारलं नाही, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

फादरांनी प्रवचनात सांगितलं, "आपला वेळ, आपलं कसब, आपला पैसा, यांचे आपण मालक नाही. देवाने नेमलेले कारभारी आहोत! तुम्ही चर्चला काय देणार, ते या कार्डावर लिहा." मी तिथल्या तिथे पेन काढलं. चर्चचे अठ्ठावीस बाक पार कळाहीन झाले होते, आणि आमचे बाबा चाळीस वर्षं सुतारकाम करून नुकतेच घरी बसले होते. मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'पुढच्या रविवारपर्यंत सगळे बाक नव्यासारखे. काम : आमचे बाबा. देखरेख : मी.'

फादरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. टाळ्या! बाबा त्या दिवशी सर्दीमुळे घरी होते. त्यांना ही बातमी दूधवाल्याकडून कळली.

"अहो, त्यांना एकदा विचारायचं तरी!" बायकोने कपाळाला हात लावला.

"माझे हात मला कोणी दिले रे?" बाबांनी विचारलं.

"देवाने."

"मग मध्ये तू कोण? कारभारी व्हायचंय ना, स्वतःच्या हातांचा हो!" असं म्हणून त्यांनी तोंडासमोर पेपर धरला तो शनिवारपर्यंत खाली घेतला नाही. माझ्याशी बोलणं बंद!

आता आली का पंचाईत? शब्द तर भर चर्चमध्ये दिलेला. पण मीही त्यांचाच मुलगा! चार दिवस रजा टाकली, व्हार्निशचे डबे आणले आणि बाह्या सरसावल्या. दुकानदार म्हणाला, "एक पातळ हात पुरे." मी दोन दिले, तेही जाड! देवाच्या कामात काटकसर कसली? शनिवारी दुपारी शेवटचा बाक संपला. धूळ बसू नये म्हणून सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतली. रविवारी सकाळी बोट टेकवून पाहिलं. सुकलेलं! बाकात तोंड बघून दाढी करावी अशी चकाकी!

मिस्सेच्या प्रार्थनेला चर्च गच्च भरलं. मी पुढच्या बाकावर ऐटीत बसलो. बाबाही आले, पण मागच्या भिंतीला टेकून उभेच राहिले. शेजारी माझी बायको. राग अजून गेला नाही म्हणायचा, मला वाईट वाटलं.

पहिलं वाचन झालं, स्तोत्र झालं, दुसरं वाचन झालं. तोवर अंगाच्या उबेने व्हार्निश पाघळलं होतं. गायकांनी 'आलेलुया' धरलं. आता शुभवर्तमानाच्या वाचनासाठी सगळ्यांनी उभं राहायचं. कुणी उठेना!

"उभे राहा," फादर म्हणाले. मग जरा मोठ्याने, "उभे राहा!"

मी दात-ओठ खाऊन उठलो. चर्रर्र! पाठोपाठ सगळं चर्च चर्रर्र!

"अहो, ओढा की मला!" शाळेच्या मोठ्या बाई ओरडल्या.

"कुठे धरून ओढू?" त्यांचे मिस्टर म्हणाले.

डॉक्टरसाहेब अर्धवट उठून तिथेच थांबले, ना धड उभे ना धड बसलेले. फादरांनी हार न मानता शुभवर्तमान संपवलं आणि सवयीने म्हणाले, "बसा." एक माणूस बसला असेल तर शपथ!

मिस्सा संपल्यावर फादर बाकांवर चिकटलेल्या चिंध्या बघत म्हणाले, "चला, आज प्रत्येकाने चर्चला काहीतरी दिलं!"

मी प्रार्थनेचं पुस्तक मागे धरून, भिंतीच्या कडेकडेने बाबांपाशी गेलो.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"दारातच वास आला. खिडक्या बंद ठेवून व्हार्निश सुकतं होय रे?"

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंस कुठे?"

सगळ्यांदेखत मोकळ्या हाताने कान धरला. "बाबा, चुकलो. हे बाक नीट कराल का?"

"करतो की! आठवडाभर एवढ्याचीच वाट बघत होतो." बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी आनंदाने ते पुस्तक खाली ठेवलं आणि त्यांना मिठीच मारली.

"अहो," बायको मागून कळवळून म्हणाली, "ते पुस्तक आधी परत मागे धरा!"