जवाई डोंगरावरून आले!

टेकचंद रहांगडाले डोंगर चढणार, ही बातमी भंडाऱ्याच्या त्या ऑफिसात पसरायला अजिबात वेळ लागला नाही. कारण ती स्वतः टेकचंदच सांगत फिरत होता!

"एक नाई, तीन डोंगर!" टेबलावर थाप मारून तो म्हणाला. "पाठीवर बिऱ्हाड, वरतं मुक्काम, तंबूत झोप! सकाळी सूर्य निघते तवा मी थोरल्याच्या शेंड्यावर उभा राहीन, अन् फोटो तुमच्या मोबाइलवर!"

"कोणते डोंगर बे?" बाजूच्या खुर्चीतला भूपेंद्र म्हणाला. "जिल्हा फुटला तवा चांगले चांगले डोंगर सारे गोंदियात गेले. आपल्या वाट्याले धानाचे बांध आले."

"तीन रायले हायेत! बोडखा, नकटा अन् थोरला. अन् तू बी येऊन राहिला माह्यासंगं!"

भूपेंद्रला आयुष्यात कोणालाच नाही म्हणता आलेलं नव्हतं. त्याने मान हलवली.

आता टेकचंदसारख्या माणसाला ही हौस कुठून सुचली? तर सासुरवाडीमुळे. दिवाळी झाली की इकडे गावोगावी मंडई भरते. आज या गावांची, उद्या त्या गावांची. शिंगाडे, जिलबी, पाळणे, आणि रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, आणि जावयाने येऊन तोंड दाखवायचंच असतं. लग्नानंतरच्या पहिल्याच मंडईला टेकचंद बसस्टॉपवरून सासऱ्यांच्या घरापर्यंत ऑटोने गेला होता. ते अंतर असं, की स्टॉपवरून हाक मारली तर घरच्या कोंबड्या मान वर करून बघतात! तेव्हापासून मेव्हणा श्रावण त्याला चारचौघांत 'ऑटोवाले भाटवाजी', म्हणजे ऑटोवाले दाजी, म्हणत असे. घरचे सगळे भाटवाजींच्या पानात वाढता वाढता हसत.

म्हणून मागच्या वर्षी टेकचंद मंडईला गेलाच नाही. सासरे डोमाजी रात्री नाटक सुरू होईपर्यंत स्टॉपवर उभे होते म्हणे. यंदा बायकोने, म्हणजे रुखमाने, आधीच बजावलं होतं. "यंदा नाई आले, तर मी बी परत येत नाई. होळीपर्यंत माहेरीच राहीन. तुमी अन् तुमचं खिचडीचं कुकर, बसा सोबतीनं!"

टेकचंद घाबरला. पण आधी डोंगरावरचा फोटो काढायचा आणि मगच श्रावणला तोंड दाखवायचं, हेही त्याने ठरवून टाकलं होतं. मग त्याने एक सरळ, सोपं, सरकारी कारण काढलं.

"नागपूरले ट्रेनिंग हाय. वरून आदेश आला."

वरून म्हटल्यावर रुखमा काय करणार? ती एकटी माहेरी गेली. आणि मंडईच्याच दिवशी सकाळी टेकचंद आणि भूपेंद्र मोटारसायकलवर बसून डोंगराकडे निघाले.

पायथ्याच्या बेलटोल्यात सुखरामच्या चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी लावली. टेकचंदच्या पाठीवरची पिशवी त्याच्या डोक्याच्या वर निघत होती. तंबू, गॅसची शेगडी, कढई, दोन बॅटऱ्या, आणि थंडी वाजली तर असावी म्हणून रुखमाची जुनी वाकळ!

"कोणाचं घर बदलून राहिले जी?" सुखरामने विचारलं.

"मुक्काम करतो डोंगरावर."

"डोंगरावर काय हाय? आज आमच्या इथं मंडई हाय. थांबा ना, नाटक पाहा."

टेकचंद हसला. मंडई टाळायला घरून निघालेला माणूस मंडईत थांबतो काय?

पहिला डोंगर, बोडखा, चढेपर्यंत टेकचंद बोलत होता. दुसऱ्या डोंगरावर, नकट्यावर, फक्त भूपेंद्र बोलत होता. नकटा नुसता दगडांचा ढीग. एका दगडावर पाय ठेवला की दुसरा निसटे, आणि कढई पाठीवर टण्ण वाजे. तिसऱ्याच्या, थोरल्याच्या, माथ्यावर दोघे पोचले ते चार पायांवर. बोरीच्या काट्यांनी टेकचंदच्या सदऱ्याची एक बाही फाडून ठेवली होती. गालावर ओरखडे होते. पण पोचले!

"काढ फोटो!" टेकचंद धापा टाकत म्हणाला.

पिशवी खाली ठेवून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. भूपेंद्रने मोबाइल वर धरला. तेवढ्यात मागच्या झाडावरून एक काळतोंड्या वानर उतरला, त्याने जेवणाचा डबा असलेली थैली उचलली आणि चालू लागला. भूपेंद्र मोबाइलसकट त्याच्यामागे धावला! वानर झाडावर गेला, मोबाइल भूपेंद्रच्या हातून दरीत गेला, आणि थैलीतली पाण्याची बाटली दगडावर फुटली. टेकचंदचा मोबाइल कुठे होता? तोही थैलीत होता! वानराने तो कानाला नाही लावला, एवढंच.

"आता कसं गा?" भूपेंद्रने विचारलं.

जेवण नाही, पाणी नाही, फोटो नाही. ऊन उतरायला लागलं होतं, आणि या डोंगरात अस्वलं असतात हे दोघांनाही एकदमच आठवलं. तोच खालून भोंग्याचा आवाज आला. "ऐका हो ऐका! मंडईनिमित्त आज राती भव्य नाटक..."

"बेलटोला!" टेकचंद उडालाच. "सुखराम म्हणत होता ना, आज त्याच्या गावची मंडई! चाल, भोंग्याच्या मागं मागं उतरू. गाडी तिथंच हाय."

"पण आपण इकडून चढलो का तिकडून?"

"भोंगा खोटं बोलते काय बे?"

भोंगा खोटं बोलत नव्हता. पण मंडईच्या दिवसांत एकाच दिवशी अनेक गावांत भोंगे वाजतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तहानलेल्या टेकचंदला ते आठवलं नाही. दोघे घसरत, काट्यांत अडकत, कढई वाजवत खाली आले. धानाचे बांध ओलांडले. पाळणा दिसला, जिलबीचा वास आला. टेकचंद पाण्याच्या ड्रमकडे धावला आणि शिंगाडे घेणाऱ्या एका बाईवर आदळला. बाई वळल्या.

त्या त्याच्या सासूबाई होत्या!

रस्त्याने सासुरवाडी म्हणजे लाखनीला बस बदलून, अख्ख्या डोंगररांगेला वळसा घालून जायचं गाव. ते थोरल्याच्या बरोबर पलीकडच्या पायथ्याशी आहे, हे बसमध्ये झोपून जाणाऱ्या जावयाला कधी कळणार?

"अगे माय!" धुरपताबाई ओरडल्या. शिंगाडे चहूकडे उडाले. "जवाई आले जी, जवाई!"

डोमाजी धावत आले. मागून श्रावण आला, अर्धी मंडई आली.

"कोणत्या बसनं आले?" डोमाजींनी विचारलं.

टेकचंदने तोंड उघडलं. घसा एवढा कोरडा, की आवाजच निघेना. त्याने नुसता हात मागे डोंगराकडे केला.

"डोंगरावरून?" डोमाजी म्हणाले. "पायदल?"

"तीन डोंगर, काकाजी!" भूपेंद्र भाबडेपणाने म्हणाला. "सकाळपासून चालून राहिलो. पोटात अन्न नाई, पाणी नाई!"

यात एक अक्षर खोटं नव्हतं! गर्दीत कुजबुज पसरली. ट्रेनिंग सोडून आले म्हणे. बस चुकली म्हणे. मंडई चुकू नये म्हणून डोंगर चढून आले म्हणे! फाटलेली बाही लोक एकमेकांना दाखवू लागले. श्रावणने मान खाली घातली. "भाटवाजी, आजपासून ऑटोचं नाव काढणार नाई," तो म्हणाला.

घरी नेऊन डोमाजींनी स्वतः गरम पाणी आणलं आणि जावयाच्या पायांवर ओतलं. "मागच्या साली वाटलं, आमच्या घरी यायची लाज वाटते तुमाले," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा मात्र टेकचंदला मनापासून लाज वाटली. खरं सांगून टाकावं असंही वाटलं. पण समोर रुखमा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि तिची नजर त्याच्या पिशवीवर होती.

"ट्रेनिंग कशी झाली?" तिने फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं.

"लवकर सुटली."

"तंबू बी देतात वाटते नागपूरले?"

टेकचंद पाणी पीत राहिला.

"अन् माही वाकळ? थे बी ट्रेनिंगले गेली होती?"

टेकचंदला ठसका लागला. धुरपताबाईंनी धावत येऊन त्याची पाठ थोपटली. "किती थकले जी!" त्या म्हणाल्या. रुखमाने तांब्या परत भरून त्याच्या हातात दिला. ती भांडली असती तर टेकचंदला जरा बरं वाटलं असतं!

नाटक सुरू होण्याआधी जावयाचा स्टेजवर सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. तंबूही वाया गेला नाही. नटीला कपडे बदलायला जागा नव्हती, ती सोय तंबूत झाली. डोमाजींनी माइक हातात घेतला.

"गाववाल्याहो! आमचे जवाई दरसाल मंडईले असेच डोंगर चढून येतील. हा आमच्या घरचा मान!"

टेकचंदने नाही म्हणायला हात वर केला. लोकांना वाटलं, तो कबूल म्हणतो आहे. पहिली टाळी रुखमाने वाजवली.

सकाळी त्याने हळूच विचारलं, "तू येशील ना परत? का होळीपर्यंत..."

"येईन ना. तुमी मंडईले आले न."

"मंग बसनं जाऊ सोबत."

"मी बसनं जाईन. तुमी आले तसे जा. गाडी पलीकडे हाय ना? भूपेंद्रभाऊनं सांगितलं मले. अन् लोक पाहून राहिले."

लोक पाहतच होते! गाव वाजतगाजत डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचवायला आलं. सासूबाईंनी पिशवीत नवे तांदूळ भरले, वर शिंगाड्यांचं गाठोडं बांधलं, आणि वाकळ घडी करून सगळ्यांत वर ठेवली. पिशवी आली होती त्यापेक्षा जड झाली.

पहिल्या चढावर दोघे दम खायला थांबले. खाली सासऱ्यांच्या दारात एक ऑटो आला. रुखमा त्यात बसली, बाहेर हात काढून तिने डोंगराकडे हलवला, आणि ऑटो स्टॉपवर जाऊन थांबला.

"टेक्या, स्टॉप तं समोरच हाय!" भूपेंद्र म्हणाला. "वहिनी ऑटोत कायले बसली?"

टेकचंदने पिशवी पाठीवर चढवली. कढई टण्ण वाजली.

"चाल बे," तो म्हणाला. "नकटा बाकी हाय अजून."