शिवणवर्गाची पूर्तता

शिफारशींना उत्तर द्यावं तर आम्हीच! मूल्यांकन समिती आमच्या चंडीगडच्या कम्युनिटी कॉलेजात आली, समोसे खाऊन गेली आणि मागाहून शिफारशी धाडल्या. प्राचार्यांना घाम फुटला. मी म्हणालो, "सर, मुझ पे छोड़िए!"

'वाचनालय आकर्षक करावे.' दारात दोन कुंड्या ठेवल्या. पूर्तता झाली!

अडलं ते शिवणवर्गापाशी. तिथे मुली चारच. 'संख्या वाढवावी, अन्यथा वर्ग बंद करावा.' शिकवणारी जसलीन कंत्राटी. वर्ग गेला की नोकरी गेली.

ती म्हणाली, "सरजी, सच लिख दो ना. थोड़ा टाइम माँग लो. सेक्टर ४३ में बस अड्डे वालों के घर-घर जाऊँगी, लड़कियाँ ले आऊँगी."

मुदत मागायची? म्हणजे नापास झाल्याची कबुलीच की! "मैंने बीस लिख दिया है," मी म्हणालो. "आपकी क्लास बच गई, पक्का!"

आणि समितीचं पत्र आलं: खात्री करायला येतोय!

उरलेल्या सोळा मुली आणू कुठून? घरी उर्मिला मेथी निवडत होती. मी लाडात येऊन विचारलं, "तुमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका येतील का गं एका सकाळी?"

"अहो, त्यांना विद्यार्थिनी म्हणून बसवणार?"

"शिकायला वयाची अट असते का?"

"बसवा. पण नलिनीकाकूंना नका बोलावू. पस्तावाल."

बायकोचं तेव्हाच ऐकायला हवं होतं!

मंडळ चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून गाडी करून आलं, नटूनथटून, डब्यांसकट. पुढे नलिनीकाकू! मी सगळ्यांना बजावलं, "नुसती सरळ टीप घालायची. विचारलं तर सांगा, दो महीने से सीख रहे हैं."

समिती आत आली. जसलीन कापडावर खुणा करायला लागली. घाईत बिचारीची बाहीच्या मुंढ्याची रेघ वाकडी गेली. काकूंनी क्षणभर पाहिलं, मग त्यांना राहवेना.

"अरे बेटा, मुंढा ऐसा काटते हैं क्या? इधर दे!"

कात्री काकूंच्या हातात गेली आणि मंडळाला चेव चढला! एकीने बाह्या जोडल्या, दुसरीने काजं केली, तिसरीने तर अध्यक्षांच्या कोटाचं लोंबतं बटणसुद्धा टाचून दिलं! बघता बघता ब्लाउज तयार. अध्यक्ष खूश. "वाह! कब से सीख रही हैं आप?"

मी जोरात खाकरलो. काकूंनी मान ताठ केली. "सीख रही हूँ? चालीस साल से सी रही हूँ!"

जसलीन खाली बसून कापडाच्या चिंध्या गोळा करत होती.

अहवाल आला. 'विद्यार्थिनी शिक्षिकेपेक्षा तरबेज. वर्गाची गरज दिसत नाही; बंद करावा. तत्पर उत्तरांबद्दल प्रा. अच्युत यांचे अभिनंदन.' म्हणजे माझंच! प्राचार्यांनी लाडू वाटले. वाटता वाटता सहज म्हणाले, "बाकी कॉलेजों ने टाइम माँगा था. सबको मिल गया!"

 हातातला लाडू मी खिशात टाकला.

जाताना जसलीन भेटायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "सरजी, मेरा एक्सपीरियन्स लेटर आप ही लिख दीजिए. आपका लिखा सब मान लेते हैं." टोमणा नव्हता हो तो. मनापासून म्हणाली!

तेव्हापासून कागद घेऊन बसलोय. कधी नव्हे ते सगळं खरं लिहायचं आहे, आणि मला एक ओळ सुचत नाहीये!