सोळावा पत्रा

"पंधराच?" अमृतने उतरवलेले पत्रे पुन्हा मोजले. "दाजी, एक पत्रा कमी आहे!"

महिपतीच्या हातातला पाना तिथंच थांबला. तुंगार्लीच्या बंगल्याच्या आवारात घुमटाचा लोखंडी सांगाडा उभा होता आणि चार वाजता मालकीणबाई, प्रेरणा मॅडम, बघायला येणार होत्या. पसंत पडला तर पाहुण्यांसाठी आणखी दहा घुमट! जन्मभर कामशेतात खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड करणाऱ्या महिपतीला असं काम पुन्हा कुठलं मिळायला!

"मोजून कापल्यात म्या. तिकोनी, पंधरा."

"मोजताय कशाला? सूत्र आहे ना!" अमृत हा महिपतीचा मेहुणा. लोणावळ्यात गणिताचा क्लास चालवायचा आणि जेवतानाही फळ्यापुढं असल्यासारखा बोलायचा. "सांधे, म्हणजे शिरोबिंदू, किती? अकरा. पाइप, म्हणजे कडा? पंचवीस. कडांमध्ये दोन मिळवा, सत्तावीस. त्यातून शिरोबिंदू अकरा गेले. पृष्ठं राहिली सोळा! सोळा पत्रे पाहिजेत!"

शिकलेल्या माणसाचं बरं असतं. आकडा तो फेकतो, घाम दुसऱ्याला फुटतो. महिपती टेंपोवाल्या नथूवर उखडला.

"नथ्या, कुटं पाडलास?"

"म्या? भाऊ, दोरीची गाठ तशीच हुती की!"

"गाठीचं न्हाई इचारलं! रस्त्याला धुंड. पत्रा घेतल्याबिगर तोंड दावू नगंस!"

नथू रडवेला होऊन टेंपो पळवत गेला. सावलीला बसलेली महिपतीची आई, सरूबाई, वैतागून म्हणाली, "आरं, हायती तेवढं लावून तर बगा. भोक कुटं ऱ्हातंय ते दिसंल."

मग जी धावपळ उडाली! जेवणाचे डबे तसेच राहिले. तेरावा बसला, चौदावा बसला, पंधरावा दार म्हणून बिजागऱ्यांवर चढला. आणि भोक? कुठंच नाही.

"अशक्य!" अमृत आत शिरला, एकेक पत्रा चाचपून शेवटी डोकं धरून मटकन खाली बसला. "सूत्र चुकत नाही हो!"

"मंग चुकलं कोन? मी का नथ्या?"

सरूबाईने दारातून डोकावलं. "आमृत, तू बसलाईस ती बाजू मोजलीस का रं?"

अमृतने खाली पाहिलं. पाच पाइपांच्या मधे जमीन होती. "तळ! सोळावं पृष्ठ!" तो ताडकन उठला आणि डोकं धाडकन पत्र्यावर आपटलं. "मावशी, सूत्र बरोबर! मी म्हणत होतो ना!"

"जिमिनीला पत्रा ठोकतोस व्हय रं?" महिपतीने दातओठ खात नथूला फोन लावला. फोन वाजला, तो पायापाशी पडलेल्या दोरीखाली.

चारच्या ठोक्याला मॅडम आल्या. घुमटाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, "अफलातून! महिपतीभाऊ, दहा पक्के समजा!"

महिपतीने आनंदाने हात जोडले. तेवढ्यात टेंपो आला.

"भाऊ, घावला!" नथूने पत्रा घेऊन उडी मारली. "कार्ल्याच्या फाट्याफुडं वळनाला! चोरांनी बोल्ट मारून खांबाला ठोकलावता! लाल कड रंगिवली, मधी वाकडा बान काडला, पर मी वळाकला. तिकोनी हाय बगा!"

टेंपोच्या दुसऱ्या दारातून हवालदार उतरले. "सोळावा पत्रा पाहिजे म्हणणारा कोण?"

घुमटाचं दार आतून हळूच ओढून घेतलं गेलं.

"तितं हाय सायेब," सरूबाई शांतपणे म्हणाली. "सोळाव्या बाजूवर बसलाय."