भीमोजीअण्णा वाढतो

भीमोजीअण्णा लग्नाला जाताना आहेर घरी विसरेल, चष्मा विसरेल, पण स्वतःची पळी विसरणार नाही. पितळेची, लांब दांड्याची, कापडी पिशवीत गुंडाळलेली. एकदा तर तो लग्न कुणाचं हेच विसरून शेजारच्या कार्यालयात शिरला. तिथे त्याने दोन पंगती वाढल्या, व्याह्यांना आग्रह करून करून जिलब्या घातल्या, आणि निघताना त्या अनोळखी लोकांनी त्याला नारळ देऊन नमस्कार केला. इकडे आमच्या कार्यालयात मात्र सगळे विचारत होते, "अण्णा का नाही आला?"

हा माझा सख्खा चुलतभाऊ. माझ्याहून मोठा. बस डेपोत मेकॅनिक होता, आता रिटायर. चामराजपेटेत माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. मुलं नाहीत, आणि गौराक्का, म्हणजे माझी वहिनी, गेल्यापासून एकटाच. आमच्या नातेवाइकांत बारसं असो, लग्न असो, तेरावा असो, वाढायला अण्णा. त्याला कोणी सांगत नाही. आजकाल केटरिंगची युनिफॉर्म घातलेली पोरं असतात, ती वैतागतात. अण्णा त्यांच्या हातातली बादली काढून घेतो आणि आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणतो, "सरी, बरं, तू पुढे मीठ वाढ."

त्याचं एकच वाक्य ठरलेलं. "पान कोरडं दिसतंय!" हॉलच्या दुसऱ्या टोकावरून त्याला कोरडं पान दिसतं, आणि चष्मा घरी राहिलेला असला तरी दिसतं. मी बिजागऱ्या, कड्या, कोयंडे विकतो. डोक्यावर पेट्या वाहून सुरुवात केली आणि आज मार्केटात माझं स्वतःचं दुकान आहे. भल्या भल्या व्यापाऱ्यांना मी भावात घाम फोडलेला आहे. पण हातात पळी घेतलेल्या या माणसापुढे मी एकदाही जिंकलेलो नाही. "साकु अण्णा, पुरे" म्हणून दोन्ही पंजे पानावर आडवे धरले, तर हा बोटांच्या फटीतून सार ओततो.

तर अशा या माणसाने माझा अपमान केला. गेल्या वर्षी, माझ्या मेघाच्या लग्नात. सगळ्या पंगती वाढल्या, जावयाकडच्या नागपूरच्या लोकांना आग्रहाने रडकुंडीला आणलं, आणि पाठवणीच्या गडबडीत मागच्या दाराने निघून गेला. न जेवता. मुलीच्या लग्नातून सख्खा चुलतभाऊ उपाशी जातो याचा आमच्याकडे अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको. आठवड्याभरात अख्ख्या पेटेत झालं, "बाबुरावाने भावाला उपाशी धाडलं." मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "राहिलं रे जेवायचं." राहिलं! छत्री राहते, किल्ली राहते. जेवण कसं राहील?

वर्षभर मी धुमसत होतो. मग मेघाच्या लग्नाचा वाढदिवस आला आणि जावयाने, अनिकेतने, हेब्बाळला एका कोरियन बार्बेक्यू हॉटेलात रविवारी दुपारचं टेबल बुक केलं. मी म्हटलं, अण्णालाही बोलवा. बायको म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी बोलता तरी का?" मी म्हटलं, बोलायचं नाहीये, जेवताना बघायचंय. माझा बेत पक्का होता. हॉटेलात वाढपी त्यांचे असतात, तिथे याला खुर्चीवर बसून जेवावंच लागेल. मी फोटो काढणार आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणार. बाबुरावाच्या पंक्तीला भाऊ जेवला, घ्या पुरावा. आणि नाही जेवला, तर त्याचा माझा संबंध संपला. हे मी बायकोला सांगूनही ठेवलं होतं.

"पिशवी घरी ठेव," मी अण्णाला गाडीत बसतानाच बजावलं. "आज तू पाहुणा आहेस." त्याने पिशवी ठेवली, पण वाटभर हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

ते हॉटेल बघून आधी मीच गोंधळलो. दारात एक मुलगी कमरेत वाकून नमस्कार करते. खिडकीतून तळं दिसतं. टेबलाच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात निखारे, आणि वर छतातून हत्तीच्या सोंडेसारखा धुराचा पाइप लोंबतोय. आपण जेवायला आलोय की होमाला बसलोय, कळेना. आणि आम्ही काही मागायच्या आत त्या मुलीने टेबलभर छोट्या छोट्या वाट्या मांडल्या. लाल कोबी, मोड आलेली कडधान्यं, मुळा, पालक, कसलेसे वाळके मासे.

"आपण हे कुठे मागवलं?" मी विचारलं.

"बाबा, ते फ्री असतं," अनिकेत म्हणाला. "संपलं की परत आणून देतात. रिलॅक्स."

मी रिलॅक्स होणाऱ्यातला नाही. मागायच्या आधी देणारं दुकान दिसलं की मी खिसा चाचपतो. मी मॅनेजरला बोलावून विचारलं, हे खरंच फुकट आहे का. तो म्हणाला, खरंच. मग आता घासाघीस कशावर करायची? मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. जेवायला दिलेल्या काड्या स्टीलच्या होत्या. असल्या सळया मी कड्यांना लावून विकतो.

मग त्या मुलीने प्रत्येकाला एकेक एप्रन दिला. कपड्यांवर तेल उडू नये म्हणून, अनिकेतने समजावलं. पण अण्णाने ते ऐकलंच नाही. एप्रन बघून त्याचा चेहरा असा उजळला, जसा डेपोत बंद पडलेलं इंजिन सुरू झाल्यावर उजळत असेल. त्याने तो झटकला, कमरेला घट्ट बांधला आणि उभा राहिला.

"बघ बाबू, इथले लोक माणूस ओळखतात."

"अण्णा, बस खाली! सगळ्यांना दिलाय तो!"

त्याने आमच्याकडे पाहिलं. मी, बायको, मेघा, अनिकेत, सगळे एप्रन बांधून बसलेलो. तो म्हणाला, "सगळेच वाढणार? मग जेवणार कोण?"

मी अनिकेतकडे पाहिलं. तो मोठ्या कंपनीत आहे, पण तोही आपल्या एप्रनची गाठ चाचपत बसला.

मुलीने चिकन आणि मटणाचे पातळ काप आणले आणि चिमट्याने निखाऱ्यावरच्या जाळीवर मांडायला लागली. मधूनच कात्री काढून तिने मटण कराकरा कापलं. चांगली शिंप्याकडे असते तशी कात्री! मी काही म्हणणार, एवढ्यात अण्णाने चिमटा तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

"अंकल, गरम है, मैं करती हूँ ना."

"तू बैठ बेटी," अण्णाने आपली खुर्ची तिच्यापुढे ओढली. "सुबह से खडी है. मैं देखता है."

ती बिचारी खुर्चीकडे बघते, मॅनेजरकडे बघते, आणि हसावं की पळावं ते तिला कळत नाही. अण्णा तोवर सुरूही झाला होता. लाल कोबीला त्याने लोणचं ठरवलं आणि प्रत्येकाच्या ताटलीत डावीकडे वाढलं. मुळा म्हणजे कोशिंबीर, तिच्या खाली. पालक म्हणजे भाजी, उजवीकडे. वाळक्या माशांपाशी तो जरा अडला, मग पापडाच्या जागी टाकले. मटणाचे काप वाढताना आधी माझी बायको, मग मेघा, मग जावई, शेवटी मी. सासरा असून मला शेवटी! मी मोबाइल रोखून बसलो होतो, पण फोटोत दर वेळी नुसता एप्रनचा पट्टा यायचा.

"अण्णाकाका, तुम्ही पण घ्या ना," मेघा म्हणाली.

"घेतो गं. तुझं पान कोरडं दिसतंय!"

मग त्याला शेजारच्या टेबलावरचं दिसलं. तिथे एक वयस्क कोरियन गृहस्थ आपल्या ऑफिसच्या पोरांना घेऊन बसले होते. अण्णा कोबीची वाटी घेऊन तिकडे गेला आणि आपल्या त्याच मराठीत म्हणाला, "पान कोरडं दिसतंय. स्वल्प वाढू?"

मला वाटलं, संपलं. पण त्या गृहस्थांनी वर पाहिलं, किंचित मान झुकवली आणि आपली ताटली दोन्ही हातांनी उचलून पुढे धरली. अण्णाने वाढलं. त्यांनी पुन्हा मान झुकवली. अण्णा आमच्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "बघा! याला पंगतीत बसायची रीत माहीत आहे. तुम्ही पंजे आडवे घालता."

आता मॅनेजर आला. फार मऊ आवाजात म्हणाला, सर, दुसऱ्या गेस्टना डिस्टर्ब नको. आणि काय सांगू, वर्षभर ज्याच्यावर मी चिडलेलो, त्याच्यासाठी माझंच डोकं फिरलं. "कोण डिस्टर्ब झालं? त्यांना विचार! आमचा माणूस वाढतोय, तुझं काय जातंय?" बायकोने माझी बाही ओढली. त्या कोरियन गृहस्थांनीही हात वर करून काहीतरी सांगितलं. काय ते मॅनेजरला कळलं असावं, कारण तो गेला. मी खाली बसलो आणि मला कळेना, की मी आत्ता भांडलो कुणाच्या बाजूने.

असं करत करत सगळ्यांची पोटं तट्ट फुगली. मुलगी येऊन म्हणाली, दुपारचं आता बंद होतंय. अनिकेत गाडी आणायला उठला. मेघाला तळ्यासमोर फोटो हवा होता, माझा मोबाइल घेऊन ती आईला बाहेर घेऊन गेली. टेबलावर उरलो मी आणि अण्णा. तो अजून उभाच. त्याची ताटली मांडली होती तशीच, चकचकीत.

"चल," तो एप्रन सोडत म्हणाला. "झकास झालं. मी घरी जाऊन ताकभात खातो."

माझा स्फोट झाला. "खाली बस! आजही न जेवता जाणार? तुला माझ्या घरचं अन्न चालत नाही का? असं मी काय केलंय तुझं? मेघाच्या लग्नातून का उपाशी गेलास, ते आज सांगूनच ऊठ!"

"बसलोच कुठे रे अजून," तो म्हणाला आणि बसला. जरा वेळ त्याने चिमटा पुसला. मग म्हणाला, "त्या दिवशी बसलो होतो मी. शेवटच्या पंगतीला. वाढणारी पोरं, भांडी घासणाऱ्या बायका आणि मी. पान मांडलं, पाणी फिरवलं."

"मग?"

"समोर कोणी नव्हतं."

मला कळलं नाही. "समोर कोण हवं होतं?"

"गौरा बसायची ना. मी वाढून मोकळा होईपर्यंत ती जेवायची नाही, कोणी कितीही ओढलं तरी. सगळ्यांचं झालं की आम्ही दोघं समोरासमोर. तुम्ही लोक तोवर घरी गेलेले असायचा, तुम्हाला काय माहीत."

"काय बोलायचात?"

"काय बोलणार? सार आंबट झालंय म्हणायची. दर लग्नात तेच. मी म्हणायचो, आंबट नाहीये. की झालं जेवण." त्याने चिमटा खाली ठेवला. "तुझ्या मेघाचं लग्न म्हणजे ती गेल्यानंतरचं पहिलंच. घास घेतला, समोर पाहिलं. उतरेना. उठलो. तुझा अपमान करायचा म्हणून नाही रे. वाढताना बरं असतं, सगळे समोर असतात."

"घरी जाऊन काय खाल्लंस?"

"ब्रेड होता."

वर्षभर मी या माणसाला सुनवायला किती वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही कामाचं निघालं नाही. मी उठलो आणि मॅनेजरला गाठलं. म्हटलं, निखारे विझवू नका, एक प्लेट मटण आणा. तो म्हणाला, सर, किचन बंद. मी म्हटलं, एक तास. तो म्हणाला, शक्यच नाही. मी पुन्हा म्हटलं, एक तास. तो पंधरा मिनिटांवर आला, मग वीसवर, मग अर्ध्या तासावर. एरवी मी मध्यावर सौदा पक्का करतो. त्या दिवशी एका तासालाच चिकटून राहिलो. शेवटी ती वाढणारी मुलगीच प्लेट घेऊन आली आणि मॅनेजरकडे न बघता जाळीखाली नवे निखारे सारून गेली.

मी अण्णाच्या समोरच्या खुर्चीत बसलो. मला असली कामं येत नाहीत. पहिले दोन काप एका बाजूने काळे झाले. तेच त्याच्या ताटलीत वाढले.

"करपलंय," तो म्हणाला.

"खा."

त्याने एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिला. मी लाल कोबी चाखला आणि म्हणालो, "हे स्वल्प आंबट झालंय."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली ताटलीत पाहिलं.

"आंबट नाहीये," तो म्हणाला, आणि त्याने दुसरा तुकडा उचलला.

आमच्या भोवती खुर्च्या टेबलांवर उलट्या चढत होत्या. बाहेरून अनिकेतचा हॉर्न दोनदा वाजला. माझ्या पोटात सुपारी ठेवायलाही जागा नव्हती. तरी मी कोबीचं एक एक पान घेऊन चघळत राहिलो, कारण पंगतीत एक उठला की दुसराही उठतो, आणि अण्णा आत्ता कुठे तिसरा घास घेत होता.