मांडीवरचा राइट

'राइट' हा एवढा एकच शब्द येत असला तरी आमच्या यॉर्कशरमध्ये माणूस सुखानं जन्म काढू शकतो, हे मी छाती ठोकून सांगतो. मी काढलाय. तीस वर्षं बस चालवली, बत्तीस वर्षं संसार केला, जास्त बोलायची वेळच आली नाही. कामाला लागताना राइट. बायकोचं ऐकतोय असं दाखवताना राइट. गारठा फार असला की 'राइट गारठा'. कोणी थापा मारायला लागला की जरा लांबवून 'राऽऽइट', म्हणजे त्याला कळतं की आपल्याला कळलंय. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे मांडीवरचा राइट. दोन्ही हात मांड्यांवर आपटून राइट म्हणायचं, की बैठक संपली. त्याशिवाय आमच्याकडे पाहुणा हलत नाही. तसाच उठला तर चहा वाईट होता असा अर्थ होतो.

गेल्या नाताळात पुडिंग आणायला उठताना मी चुकून हा बापच काढला. पाद्रीबाबा तोंडातला घास तोंडात ठेवून कोट घालून चालते झाले. डोरीननं, म्हणजे बायकोनं, ते अजून विसरलेलं नाही.

म्हणून त्या शनिवारी तिनं सकाळीच दम भरला. "विल्फ, आज दोन वाजता आपल्या हिलरीचे सासूसासरे पहिल्यांदा घरी येतायत. तुझ्या तोंडून तो शब्द निघाला तर याद राख. व्याह्यांना हाकललं म्हणतील."

"मग ते जाणार कसे?"

"ते त्यांचं म्हणतील. तू गप्प बसायचं."

मी गप्प बसायला तयार होतो. फक्त त्या दिवशी गावचं भाजीप्रदर्शन होतं आणि पाचच्या ठोक्याला नोंदणी बंद. मागच्या खोपटात माझा भोपळा ढकलगाडीवर तयार होता. मे महिन्यापासून त्याला मी पोटच्या पोरासारखं जपलं होतं, गार रात्री स्वतःचं पांघरूण घातलं होतं. तीन वर्षं सगळ्यात मोठ्या भोपळ्याचा कप शेजारचा क्लिफर्ड नेतो आणि खिडकीत ठेवतो, तोही माझ्या घराकडे तोंड करून. यंदा ती खिडकी रिकामी करायचीच होती. आणि चहाला आलेला पाहुणा चारच्या पुढे बसतो कुठे?

व्याही स्टॅनली हार्डकासल निवृत्त पोस्टमन, माझ्यासारखेच मितभाषी. विहीणबाई एनिड मात्र दोघांच्या वाटचं बोलत होत्या. चहा झाला, केक झाला. पाऊस पडेल का, यावर तासभर गेला.

साडेतीनला स्टॅनलींचे हात हळूच गुडघ्यांवरून मांड्यांवर सरकले. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात एनिडबाई खोकल्या. हात परत कपाकडे गेले.

चार वाजले. मी म्हणालो, "दिवस किती लहान झालाय नाही?"

"फारच," स्टॅनली म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

साडेचारला मी जांभई दिली. डोरीननं तिसरी किटली भरली. मला काम आहे, असं पाहुण्याच्या तोंडावर सांगणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. पावणेपाचला माझे हात आपोआप वर गेले. टेबलाखाली डोरीनची टाच माझ्या अंगठ्यावर आली. मी हात खाली घेतले आणि केकची चौथी फोड खाल्ली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते अंगठ्यामुळे असं मी स्वतःला सांगितलं.

चर्चच्या घड्याळात पाच वाजले. खोलीत कोणीतरी कण्हलं. मी तर तोंड दाबून बसलो होतो, म्हणजे ते स्टॅनली असणार.

"राइट," डोरीन सवयीनं म्हणाली, "आणखी एकेक कप?"

स्टॅनलींचा एक हात तोवर कोटाच्या बाहीत गेला होता.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे दारात अर्धा तास निरोप झाला. बायका बोलत होत्या, आम्ही मोटारीकडे गेलो. स्टॅनलींनी डिकी उघडली, मागचं पांघरूण सरकवलं आणि ते बाजूला झाले. आत भोपळा होता. माझ्या भोपळ्याहून वीतभर मोठा.

"पाचपर्यंत द्यायचा होता," ते म्हणाले. "पण एनिडनं बजावलं होतं, घरधन्यानं म्हटल्याशिवाय उठायचं नाही. थोरल्याच्या सासरी मी आधी म्हणालो होतो, ते तीन वर्षं बोलले नाहीत."

मी त्यांना माझी ढकलगाडी दाखवायला नेलं. त्यांनी माझ्या भोपळ्यावर हात फिरवला. व्याह्याबद्दल मला इतकी माया कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यानं क्लिफर्ड आला. एका हातात कप, दुसऱ्या हातात चहाच्या किटलीएवढा भोपळा. यंदा प्रदर्शनात एकच आला होता म्हणे. आम्हाला बघून तो थांबला.

"राइट?" त्यानं विचारलं. आमच्याकडे ख्यालीखुशालीही याच शब्दानं विचारतात.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्याहून जास्त काहीतरी बोलायचं होतं, बरंच बोलायचं होतं.

"राइट," आम्ही म्हणालो.