एमेटची दुसरी मुरवण

पिकेट्स फोर्क या आमच्या केंटकीतल्या गावात दारू गाळता येते, पण विकता येत नाही. असा इथल्या काउंटीचा कायदा आहे. गावातले सगळे तो मनापासून मानतात, कारण आठवडाभर गाळणारेही तेच आणि रविवारी चर्चमधून निघून विक्रीच्या विरोधात मत देणारेही तेच. मी सांगलीहून इथे आलेली, त्यातल्या थेंबालाही शिवत नाही. सोमवारी तर मी बोलतही नाही, माझं मौन असतं. साहजिकच ज्याला काही सांगायचं असतं तो सोमवारीच माझ्या ओसरीवर येऊन बसतो. पुढची हकिकत मला अशीच, मध्ये एक अक्षर न बोलता, ऐकावी लागली.

ओरव्हिल टॅकेटच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की, होते. मका, झऱ्याचं पाणी, आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप आणि कळ काढण्याची तयारी, एवढंच तिला लागतं. दोन वर्षांपूर्वी माल पडून राहिला, तेव्हा शिकागोहून एक सल्लागार आला. त्याने गंभीरपणे सांगितलं, "हीच बर्बन वाईनच्या जुन्या पिंपांत आणखी सहा महिने ठेवा. मग किंमत तिप्पट करा."

ओरव्हिलने तसं केलं. बाटलीच्या गळ्यात सुतळीने 'दोनदा मुरवलेली' अशी चिठ्ठी बांधली. साधी बर्बन महाग म्हणणारे लोक लुइव्हिल शहरातल्या दुकानांपुढे पहाटेपासून खुर्च्या टाकून बसले.

यातून ओरव्हिलला साक्षात्कार झाला. वस्तू चांगली असून भागत नाही, ती कुठेतरी दुसरीकडे राहून आलेली असावी लागते.

लगेच गावात 'पुनर्मुरवण समिती' स्थापन झाली. अध्यक्ष ओरव्हिल, आणि सचिवपदासाठी दुसरा लायक माणूस न मिळाल्याने सचिवही ओरव्हिल. न्हाव्याला लेक्सिंग्टनच्या एका दुकानात महिनाभर नुसतं उभं करून आणलं. कात्री तीच, हात तोच, दर दुप्पट. खाणावळवाल्या बाईंनी आपले हॅम, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांड्या, शेजारणीच्या धुरीच्या खोलीत टांगले आणि शेजारणीचे आपल्या. दोघींनी भाव वाढवले. शेवटी पाद्री ब्रदर हॉइट यांना शहरातल्या दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये महिनाभर बसवलं. परत आल्यावर त्यांचं प्रवचन दहा मिनिटांत आटोपलं. लोक घाबरले. काही जण तर पुढचा भाग सुरू होईल म्हणून दुपारपर्यंत बसून राहिले.

अशा वातावरणात एमेट प्रूएटने ओरव्हिलच्या मुलीला, ल्युएलाला, मागणी घातली. एमेट ओरव्हिलच्याच गोदामात पिंपं ढकलायचा. सरळ मुलगा, मोठ्याने हसायचा, जेवताना बोलायचा नाही. ल्युएलाचा त्याच्यावर शाळेपासून जीव.

"पोरगा वाईट नाही," ओरव्हिल म्हणाला. "पण साधा आहे."

"डॅडी, तुम्हीही साधेच होतात की!"

"म्हणून तर तुझ्या आईच्या माहेरी मला आजही किंमत नाही. एमेट, बाळा, मन घट्ट कर. तुला कॅलिफोर्नियाला ठेवायचं ठरलंय. सहा महिने. वाईनवाल्यांकडे."

"तिथे मी काय करू?"

"काही करायचं नाही. मुरायचं."

एमेट गेला. ल्युएला सहा महिने दर सोमवारी माझ्याकडे येऊन सुस्कारे टाकायची. मी तिच्यापुढे चहा ठेवायचे, आणि संध्याकाळच्या दिव्यापाशी तिच्यासाठीही हात जोडायचे.

सहा महिन्यांनी जो परत आला त्याच्या गळ्यात रेशमी रुमाल होता. ओरव्हिलने त्याच्याभोवती फेरी मारली, उजेडात उभा करून रंग पाहिला आणि डोळे पुसले. "काय चढलाय! लग्न लावा."

ल्युएलाने स्वतःच्या हाताने बिस्किटं, म्हणजे इकडचे मऊ खारे पाव, भाजली होती, वर घट्ट ग्रेव्ही. एमेटने आधी चहाचा पेला वाईनसारखा गोल फिरवला, हुंगला, तोंडात खेळवला. मग बिस्किटाचा कण चावून छताकडे बघत राहिला.

"सुरुवात प्रामाणिक आहे," तो म्हणाला. "मध्ये थोडी माती लागते. शेवट मात्र रेंगाळत नाही."

"माती?" ल्युएला म्हणाली. "मेल्या, ती मिरी आहे! पूर्वी एका दमात नऊ खायचास!"

"तेव्हा मी कोरा होतो."

त्या सोमवारी ती रडतच आली. "याच्याशी मी लग्न करणार नाही. मला आधीचा हवा. पण मुरलेलं बाहेर कसं काढायचं, सांगा ना!" मी काय सांगणार? मी नदीच्या दिशेने पाहिलं, तेही गाय दावं तोडून तिकडे गेली होती म्हणून. ल्युएला तो इशारा समजली आणि डोळे पुसून तडक ब्रदर हॉइटकडे गेली.

ब्रदर हॉइटनी थोडा विचार केला. एमेटचा नदीत बुडवून बाप्तिस्मा बाराव्या वर्षीच झाला होता. "पण एकदा मुरवलेलं पुन्हा मुरवता येत असेल," ते म्हणाले, "तर एकदा बुडवलेलं पुन्हा बुडवायला शास्त्राची हरकत नसावी."

रविवारी सगळं गाव काठावर जमलं. मार्चचं पाणी. भजन सुरू झालं. ब्रदर हॉइटनी एमेटच्या मानेखाली हात घातला आणि त्याला डोक्यासकट आत दाबलं. त्यांची लहान प्रवचनांची सवय सुटली असावी, कारण त्यांनी त्याला बराच वेळ आत ठेवलं. रुमाल वाहून गेला.

एमेट फुसफुसत वर आला. "मेलो! बर्फ आहे का पाणी? अरे, टॉवेल द्या कुणीतरी! का नुसते गातच बसणार? आणि बिस्किटं कुठायत?"

"हाच!" ल्युएला चपलांसकट पाण्यात धावली. "हाच माझा!"

काठावर एकटा ओरव्हिल आक्रोश करत होता. "सहा महिन्यांची मुरवण! तिप्पट किंमत! वाहून गेली रे नदीत!"

"वाहून कशी जाईल?" ब्रदर हॉइट पिळलेली बाही झटकत म्हणाले. "आधी गाव, मग कॅलिफोर्निया, आता नदी. मी तर म्हणेन, तिसऱ्यांदा मुरवला."

ओरव्हिल रडायचा थांबला. तीनदा मुरवलेला जावई लुइव्हिलमध्येसुद्धा कुणाकडे नव्हता. लग्न पुढच्याच शनिवारी लागलं. नवऱ्यामुलाच्या गळ्यात सुतळीने चिठ्ठी बांधली होती. बिस्किटं खाताना ती ग्रेव्हीत बुडत होती.

या मंडळींच्या भाबडेपणाचं मला मनापासून हसू येत होतं. तेवढ्यात सांगलीहून वन्संचा फोन आला.

"वहिनी, आमच्या मुक्तासाठी स्थळ आलंय. मुलगा हुशार, निर्व्यसनी, मनमिळाऊ. मुक्तालाही आवडलाय. फक्त इथलाच आहे गं. चार लोकांत सांगायचं काय? ह्यांचं म्हणणं, सहा महिने तरी तिकडे राहून आलेला असावा. काही करायला नको त्याने. नुसता ठेवून घेशील का?"

सोमवार होता. मी बोलले नाही. वन्सं त्याला होकार समजल्या.

मुलगा गुरुवारी पोचतो आहे. ओरव्हिलने गोदामात सगळ्यात वरच्या मजल्यावर जागा काढून दिली आहे. म्हणाला, तिथे ऊन चांगलं लागतं, रंग लवकर चढतो.