काचेच्या दुकानात मेलेला माणूस

शुक्रूबे माझ्या दुकानात पहिल्यांदा आला आणि भाव ऐकून मेला.

मी त्याला जपानी डिनर सेटचा भाव सांगितला होता. त्याने एक हात छातीवर दाबला, दुसरा वर उचलला, "ओल्दुम, पातरोन, ओल्दुम," असं पुटपुटत गर्रकन फिरला आणि गुडघे मोडून आडवा झाला. माझं दुकान काचसामानाचं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कपबशा, मधे बरण्या, वर झुंबरं, आणि चालायला जेमतेम एका माणसाची वाट. दारातून वाकून आत येणारा हा धिप्पाड माणूस त्या वाटेत लांबलचक पसरला आणि एक चमचासुद्धा वाजला नाही.

मी गल्ल्यावरून उडी मारून धावलो. शेजारचा इराणी गालिचेवाला पाणी घेऊन आला. बुरख्यातली एक म्हातारी बेदुईन बाई गळा काढून रडायला लागली. दारात गर्दी जमली, आणि कुवेतमध्ये आपल्या दुकानात परका माणूस मेला तर काय काय होतं हे आठवून माझेच पाय गार पडले. तेवढ्यात प्रेताने एक डोळा उघडला आणि माझ्या भावाच्या निम्मा भाव सांगितला.

गर्दी खो खो हसली. रडणाऱ्या म्हातारीने डोळे पुसले आणि माझ्यावरच उलटली, "दे की त्याला. बिचारा मेलाय."

मी दिला. खरेदीच्याही खाली दिला.

हा राग माझा अजून गेलेला नाही. रत्नागिरीकडून आलो तेव्हा माझ्याजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. इथल्या शर्क भागातल्या मासळीबाजाराजवळ पाट्या उचलल्या, मग टोपलीत कप घेऊन दारोदार विकले, मग हे दुकान. लेबनानी, इराणी, मिसरी, सगळ्यांशी घासाघीस केली. आवाज चढवून, हिशेब फेकून, प्रसंगी गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढून. हरलो नाही. हरलो तो एकदाच, आणि तेही एका प्रेताकडून.

ओल्दुम म्हणजे तुर्कीत 'मेलो'. पातरोन म्हणजे मालक. शुक्रूबे एका तुर्की कंपनीच्या कॅम्पवर खानसामा होता. ती कंपनी इथे रस्ते बांधायची, आणि तिच्या माणसांना चहाचे बारीक कमरेचे ग्लास लागायचे, ते सारखे फुटायचे. त्यामुळे हा दर पंधरवड्याला यायचा आणि मरायचा. पुढे पुढे गालिचेवाला स्टूल टाकून वाट बघत बसायचा. मी मात्र पहिल्या दिवसानंतर एक फिल्सही सोडला नाही. "मर," म्हणायचो, "आणि मेलास की त्या कोपऱ्यात सरक, गिऱ्हाइकाला वाट दे."

आमची भाषा म्हणजे मोडकी अरबी, तिला त्याच्या तुर्कीचं आणि माझ्या हिंदीचं ठिगळ. त्यातूनच मला कळलं की हा माणूस पूर्वी इस्तंबूलला पिक्चरमध्ये होता. मी हसलो. दुसऱ्या दिवशी कॅम्पवरचा एक ड्रायव्हर ग्लास न्यायला आला, त्याला विचारलं. तो हातातली पेटी खाली ठेवून म्हणाला, "शुक्रूबे? आमच्या लहानपणी आम्ही त्याला मरताना बघायलाच जायचो."

झालं होतं असं. शुक्रूबे गावाकडून घोडे सांभाळायला म्हणून स्टुडिओत लागला. एकदा खलनायकाचा एक माणूस घोड्यावर बसायला घाबरला, म्हणून त्याचा अंगरखा याच्या अंगावर चढवला. हा घोड्यावरून असा पडला की दिग्दर्शकाने धावत जाऊन नाडी बघितली. त्या दिवसापासून शुक्रूबेला मरणाशिवाय दुसरं काम मिळालं नाही. सकाळी एका पिक्चरमध्ये किल्ल्याच्या तटावरून पडायचं, दुपारी दुसऱ्यात तस्कर होऊन गोळी खायची. मधल्या वेळात फक्त मिशा बदलायच्या.

ते शास्त्र त्याने मला दुकानाच्या मागच्या बाजूला करून दाखवलं. "गोळी लागली की माणूस मागे जातो," तो म्हणाला. "बाण लागला की आधी वळून बघतो, कुठून आला. तलवारीला आवाज करायचा. सुऱ्याला करायचा नाही. हिरोने मारलं तर तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून मरायचं. हिरोच्या दोस्ताने मारलं तर पाठ."

"पाठ का?"

"दोस्ताला पैसे कमी मिळतात. त्याच्या हातून मरणाऱ्यालाही."

मग तो विष पिऊन मेला. माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाचा रंग गेला. मी त्याला मनापासून शिव्या देतो, पण हे सांगतो, तसलं काही मी पुन्हा बघितलं नाही. मी गपचूप माझा चहाचा कप बाजूला सरकवला.

गावच्या उघड्या थिएटरात त्याचा पिक्चर लागला की त्याची आई जायची. मुलगा मरायची वेळ आली असं वाटलं की स्वतःची खुर्ची उचलायची आणि घरी चालू लागायची. तिने एकही पिक्चर शेवटपर्यंत बघितला नाही.

"लग्न का नाही केलंस?" मी एकदा विचारलं.

"सगळ्या मुलखाने मला मरताना बघितलंय, पातरोन. विधवा व्हायला कोण तयार होणार?"

मग तिकडे घरोघर टीव्ही आले, थिएटरं ओस पडली. ज्याला पडद्यावर मरायला बोलवत नाहीत त्याने पोटासाठी काहीतरी करायलाच हवं. शुक्रूबेला भाजीपोळी... म्हणजे त्यांची वांगी आणि मटण, रांधता यायचं. तो इकडे आला.

काही वर्षं अशी गेली. एका सकाळी तो आला आणि मेला नाही. स्टुलावर बसला. तोंड उतरलेलं. इस्तंबूलहून आलेल्या एका ट्रकवाल्याने जुन्या दिग्दर्शकाचा निरोप आणला होता. नवा पिक्चर. शुक्रूबेला बापाचं काम. म्हातारा, तापट दुकानदार. शेवटपर्यंत जिवंत.

"मग रडतोस कशाला?" मी म्हणालो.

"मरायचं नाही म्हणे. मग मी करू काय?"

निरोपाचा दुसरा अर्धा भागही होता. दिग्दर्शक म्हणाला होता, जमलं नाही तर काळजी नको, बापाला मध्यंतरालाच मारून टाकू, एका दिवसाचं काम.

त्यानंतर सुट्टी मिळेल तेव्हा शुक्रूबे माझ्या दुकानात जगायची तालीम करायला बसू लागला. मी त्याला शिकवायचो, म्हणजे ओरडायचो. "नुसता बस. छातीवरचा हात काढ." तो काढायचा, आणि तो हात आता कुठे ठेवायचा हे त्याला कळायचं नाही. चहा दिला तर असा प्यायचा की बघणाऱ्याला वाटावं मी त्यात काहीतरी कालवलंय. आजवर पडद्यावर ज्या ज्या दारातून तो बाहेर पडला होता, तिथे पलीकडे कोणीतरी बंदूक घेऊन उभा होता, त्यामुळे मुतारीला जातानाही तो भिंतीला चिकटून जायचा.

शेवटी वैतागून मी त्याला एका शुक्रवारी जेवायला घरी नेलं. म्हटलं, जिवंत माणूस घरी कसा येतो ते तरी बघ. दस्मान वस्तीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो आम्ही. जिना चढून मी घंटी वाजवली. शुक्रूबेने माझ्या पट्ट्याला लटकणाऱ्या किल्ल्यांकडे बोट केलं.

"किल्ली आहे. मग घंटी कशाला?"

दार उघडत सकीना, माझी बायको, आतून म्हणाली, "दिवसभर लोकांसाठी उठबस करतात ना, म्हणून घरी त्यांच्यासाठी कोणीतरी उठायला हवं. किल्लीचा नुसता भार वाहतात."

मी त्याला खरं कारण सांगितलं. ती येण्याआधी मी इतर कामगारांबरोबर एका खोलीवर राहायचो. सगळे वेगवेगळ्या पाळीला, घरी यायचं तर कुलूप. ती आली त्या दिवसापासून मी घराची किल्ली कुलपात घातलेली नाही.

शुक्रूबेने एकदा किल्ल्यांकडे आणि एकदा घंटीकडे बघितलं. मग म्हणाला, "पुन्हा करा."

मी पुन्हा बाहेर गेलो, घंटी वाजवली, तिने दार उघडलं. "पुन्हा." परत तेच. तिसऱ्यांदा सकीना म्हणाली, "अवो, कालवण गार झालं. एकदाच काय ते आत या."

"आता मी," शुक्रूबे म्हणाला, आणि बाहेर जाऊन त्याने दार ओढून घेतलं.

आम्ही थांबलो. घंटी वाजेना. मी आतून ओरडलो. तरी वाजेना. शेवटी सकीनाने दार उघडलं, तर हा बोट घंटीच्या बटणापाशी धरून उभा. बटण दाबलेलं नाही.

"वाजवली," तो म्हणाला, "आणि कोणी आलंच नाही तर?"

"भाई, मी आतच आहे की," सकीना म्हणाली. तिची भाषा त्याला येत नव्हती. त्याने मान हलवली आणि बूट काढून आत आला. त्या दिवशी तो जेवला चांगला.

जायच्या आदल्या दिवशी तो दुकानात एक खोका घेऊन आला. तोच डिनर सेट. खोका उघडलेलाच नव्हता. वर माझी हिरवी सुतळी, माझीच गाठ.

"परत घे, पातरोन. सहा जणांचा आहे. मी कॅम्पवर एका ताटात जेवतो."

"मग मरून मरून घेतलास कशाला?"

"तेव्हा वाटलं होतं, लागेल."

माझं डोकं फिरलं. ज्या सेटने माझी इज्जत घालवली तो इतकी वर्षं खाटेखाली पडून होता. मी त्याला भिंतीवरची पाटी दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. "तुझा आहे, घेऊन जा. फोडलास तर बघ." तो खोका काखेत मारून गेला. त्या दिवशीही तो मेला नाही. गालिचेवाल्याला वाईट वाटलं.

बऱ्याच महिन्यांनी एका ट्रकवाल्याने त्याच्या पिक्चरची कॅसेट आणून दिली. मी आणि सकीना बघायला बसलो. शब्द कळत नव्हते, पण पहिल्याच दृश्यात सकीना पदर तोंडात कोंबून हसायला लागली. पडद्यावर मी होतो. कपाला नख मारून तडा ऐकणं, गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून भाव सांगणं, चिडलो की गल्ल्यावर पंजा आपटणं, सगळं माझं, मला न विचारता उचललेलं. मी बंद करणार होतो.

"राहू द्या," ती म्हणाली. "मध्यंतर यायचंय."

मध्यंतराच्या जरा आधी तो खोकला. मी उभा राहिलो. सकीनाने खुर्चीचा हात घट्ट धरला. तो पुन्हा खोकला, घसा साफ केला आणि गिऱ्हाइकावर ओरडला. मी खाली बसलो.

मग शेवट. दुकान बंद करून म्हातारा घरी येतो. जिना चढतो. काखेत खोका, खोक्याला हिरवी सुतळी. दारासमोर उभा राहून खिशातून किल्ली काढतो. तिच्याकडे बघतो. किल्ली परत खिशात ठेवतो. हात वर करतो. तो हात हवेतच थांबतो. आणि मग तो दार वाजवतो. पिक्चर तिथेच संपतो. दार उघडायच्या आधी.

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा तेच. टीव्हीचा आवाज पुरता वाढवला.

"आतून चपला वाजतात," सकीना म्हणाली. "ऐका. कोणीतरी येतंय."

मला ऐकू आल्या नाहीत. आम्ही तो शेवट किती वेळा बघितला सांगता येणार नाही, टेप तिथे पांढरी पडलीय, आणि मला त्या चपला अजून ऐकू आलेल्या नाहीत. पण बायका घरातली पावलं आपल्यापेक्षा बऱ्या ओळखतात, म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही. भावाबद्दलची माझी तक्रार मात्र कायम आहे. खरेदीच्याही खाली दिलेला तो सेट सहा जणांचा होता. दार उघडून, आत किती माणसं आहेत तेवढं त्याने दाखवायला हवं होतं.